पिंजऱ्यातले लहान जीव : निगा आणि निवारा

(संस्थेच्या उन्हाळी विद्यार्थी शिबिरात केलेले भाषण)



या व्यासपीठावर आम्ही याआधी दोनदा उभे राहिलो. एकदा शैक्षणिक कर्जाचा अर्ज कसा भरावा हे सांगण्यासाठी आणि एकदा बचत खात्याविषयी. बँकेतल्या कारकुनाने बोलावे असे ते विषय होते. यंदा मात्र सचिव साहेब घरी आले आणि म्हणाले, "तुम्ही उंदरांवर बोला." सौ. आतून चहा घेऊन येत होत्या, त्यांना हसू आवरेना. परंतु सचिव साहेब गंभीर होते, आणि त्याला कारणही तसेच होते. मागच्या दिवाळीपासून आपल्या वस्तीत पोरांच्या वाढदिवसाला कोणी पांढरे उंदीर आणले, कोणी हॅमस्टर, कोणी गिनीपिग. आमच्या माहितीत असे नऊ पिंजरे आले. मार्च संपेपर्यंत त्यातले चारच भरलेले राहिले. बाकीच्या पाच घरांतल्या लेकरांनी रडून घेतले, आणि दोन घरांत तर प्राणी मेले नाहीत, ते तलावाच्या काठी सोडून देण्यात आले. ज्यांनी सोडले त्यांना वाटले की आपण त्यांना मुक्त केले. पिंजऱ्यात जन्मलेला पांढराशुभ्र उंदीर उघड्यावर कावळ्याच्या आणि मांजरीच्या नजरेला किती वेळ चुकणार, हे ज्याचे त्याने ठरवावे.

आम्ही पशुवैद्य नाही हे आधीच सांगतो. कला शाखेचे पदवीधर आहोत. जे सांगणार आहोत त्यातले काही पशुवैद्यांना विचारून घेतले आहे, काही वाचून, आणि काही स्वतःच्या चुकांतून. त्या चुकांची किंमत आम्हाला मोजावी लागली नाही, ती दुसऱ्याच जिवाने मोजली, म्हणून ते आज सर्वांसमोर सांगणे आम्हाला आवश्यक वाटते.

प्रथम हे प्राणी कोण ते पाहू. शास्त्रात यांना कृंतक म्हणतात, म्हणजे कुरतडणारे. जगातल्या सस्तन प्राण्यांच्या एकूण जातींपैकी सुमारे चाळीस टक्के जाती या एकाच गणात मोडतात. उंदीर, घूस, खार, साळिंदर, हॅमस्टर, गिनीपिग हे सगळे त्यातले. ससा मात्र त्यात नाही, त्याचा गण वेगळा. आणि जिला पाहून आपण ओरडतो ती चिचुंद्री तर उंदीरच नाही, ती किडे खाणारी आहे. कृंतकांची खूण म्हणजे पुढचे दात. ते आयुष्यभर वाढत राहतात. दाताच्या पुढच्या बाजूला टणक कवच आणि मागची बाजू मऊ, त्यामुळे कुरतडताना मागचा भाग आधी झिजतो आणि दाताला पटाशीसारखी धार राहते. गिनीपिगच्या तर दाढासुद्धा वाढत राहतात. ही एक गोष्ट लक्षात ठेवली की अर्धी निगा समजली. मऊ भात, पाव, दुधात भिजवलेले बिस्किट यावर ठेवलेल्या प्राण्याचे दात झिजत नाहीत. ते वाढतात, वाकडे होतात, आणि पुढ्यात अन्न असून प्राणी उपाशी मरतो. घरची माणसे म्हणतात, "आम्ही तर बाप्पा रोज दूध-पाव देत होतो."

आता आमच्या घरची हकीकत. धाकटी सहावीत असताना तिला दोन गिनीपिग आणून दिले. एक भुरी, दुसरी ठिपकी. विक्रेत्याने दोन गोष्टी सांगितल्या. दोन्ही माद्या आहेत आणि सशाचे दाणेदार खाद्य दिले की पुरते. दोन्ही गोष्टी चुकीच्या निघाल्या. पहिली चूक आमच्या लक्षात अडीच महिन्यांनी आली, तिच्याकडे नंतर वळू. दुसरी आधी कळली. भुरी चालेनाशी झाली. आधी वाटले लचकली असेल. मग ती मागचे पाय ओढू लागली, अंगावरचे केस पिंजल्यासारखे झाले, उचलली की दुखल्यासारखी किंचाळायची. पशुवैद्यांनी तिला हातात घेतले, गुडघे चाचपले, हिरड्या पाहिल्या आणि औषधाआधी एकच प्रश्न विचारला, "हिरवे काय देता?" आम्ही म्हणालो, कधीमधी गाजराचा तुकडा. ते म्हणाले, हा स्कर्व्ही आहे.

विद्यार्थी मित्रांनो, स्कर्व्ही तुम्ही पुस्तकात वाचला आहे. क जीवनसत्त्वाच्या अभावी जहाजावरच्या खलाशांना होत असे तो. बहुतेक सर्व प्राणी क जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करतात. माणसाला, माकडाला ते जमत नाही, आणि गिनीपिगलाही जमत नाही. १९०७ साली नॉर्वेतल्या होल्स्ट आणि फ्रॉलिख या दोन संशोधकांनी गिनीपिगना नुसत्या धान्यावर ठेवले तेव्हा त्यांना स्कर्व्ही झाला, आणि ताजा भाजीपाला देताच तो टळला. क जीवनसत्त्वाचा शोध पुढे लागला त्याला हा प्रयोग फार उपयोगी पडला. माणसाच्या रोगावर ज्या प्राण्याने उजेड पाडला त्यालाच आम्ही आमच्या घरात, एकशे कितीतरी वर्षांनंतर, त्याच रोगाने आजारी पाडले. शिकलेल्या माणसाला याची लाज वाटली पाहिजे, आम्हाला वाटली.

उपाय काही महाग नव्हता. मूठभर सांबार (पुण्या-मुंबईचे पाहुणे कोथिंबीर म्हणतील), ढोबळ्या मिरचीची फोड, पेरूचा नखाएवढा तुकडा, आणि डॉक्टरांनी दिलेले थेंब. पंधरा दिवसांत भुरी धावू लागली. तेव्हापासूनचा नियम असा. गिनीपिगचे मुख्य अन्न गवत, ताजे व वाळलेले, ते चोवीस तास समोर असावे. शिवाय दररोज प्रत्येकी एक वाटी ताजा हिरवा पाला. हरळी चालते, परंतु रस्त्याकडेची नको, तिच्यावर कुत्री मुततात आणि गाड्यांचा धूर बसतो. बाजारची भाजी दोन पाण्यांनी धुवावी, फवारणीचे औषध असते. पत्ताकोबी थोडी, पोट फुगते. पालक रोज नको. लसूणघास जनावरांना पौष्टिक म्हणून आपण देतो, तिच्यात चुना जास्त, म्हणून वयात आलेल्या गिनीपिगला ती चवीपुरती द्यावी. बटाट्याची साल, कांदा, लसूण, चॉकलेट बिलकूल नको. कोवळ्या ज्वारीचे विष शेतकऱ्याच्या लेकराला सांगावे लागत नाही, ती येथेही वर्ज्य. आणि सशाच्या खाद्यात क जीवनसत्त्व घातलेले नसते, कारण सशाला त्याची गरज नसते. पाण्यात गोळी विरघळवून देतात काही लोक, परंतु ती थोड्याच वेळात निकामी होते आणि पाण्याची चव बदलल्याने प्राणी पाणी कमी पितो.

येथे एक गोष्ट सांगून टाकतो, कारण प्रश्नोत्तरांत ती हमखास येते. गिनीपिग स्वतःची विष्ठा खाताना दिसतो. आमच्या आईने ते पाहिले आणि पिंजरा घराबाहेर काढण्याचा हुकूम सोडला. वास्तविक ते त्याच्या पचनाचा भाग आहे. गवत एकदा पोटातून जाऊन पुरते पचत नाही, म्हणून विशिष्ट मऊ गोळ्या तो पुन्हा खातो. गाय रवंथ करते तसेच समजा, फक्त वाट वेगळी. आईला गायीचे उदाहरण पटले. पिंजरा घरात राहिला, मात्र स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआड नाही.

आता निवारा. बाजारात रंगीत पिंजरे मिळतात, पायाखाली तारेची जाळी आणि खाली तबक. सफाईला सोयीचे, म्हणून आपण घेतो. त्या जाळीवर चोवीस तास उभे राहून गिनीपिगच्या तळव्यांना फोड येतात, ते चिघळतात आणि बरे होता होत नाहीत. तळ सपाट हवा. दोन गिनीपिगना निदान साडेसात चौरस फूट जागा पाहिजे, म्हणजे तीन फूट बाय अडीच फूट. दुकानातला पिंजरा बहुधा याच्या निम्माही नसतो. आम्ही वेल्डरकडून लोखंडी कोनाची चौकट करून घेतली, सव्वा फूट उंच. गिनीपिग उड्या मारून पळणारा प्राणी नव्हे, परंतु मांजर आणि घरातला उंदीर आत येऊ नये म्हणून वर जाळीचे झाकण लावले. तळाला वर्तमानपत्राचे जाड थर, त्यावर जुन्या सुती लुगड्याची घडी, एका कोपऱ्यात वाळलेले गवत. लाकडाच्या वखारीतला भुसा घालू नका. त्यात बारीक धूळ असते, लाकडाला लावलेली औषधे असतात, आणि देवदार व चीड यांच्या वासाचे तेल या प्राण्यांच्या फुफ्फुसांना व यकृताला बाधते. ओला भाग रोज काढावा, सगळे अंथरूण आठवड्यातून दोनदा बदलावे. नाक पिंजऱ्याजवळ नेल्यावर आपल्याला झोंबले, तर जो दिवसभर तेथेच बसतो त्याचे काय होत असेल? पांढऱ्या उंदरांना तर या झोंबऱ्या वासानेच श्वासाचे विकार होतात.

लपायला जागा हवीच. हा दुसऱ्याची शिकार होणारा प्राणी आहे, उघड्यावर बसवला की तो सतत भ्यालेला असतो. बुटाचा खोका दोन दारे कापून ठेवला तरी चालतो. दोन दारे अशासाठी की एकीने दुसरीला कोंडू नये. पाण्याच्या बाटलीच्या नळीतली गोळी आपल्या क्षाराच्या पाण्याने अडकते, म्हणून रोज बोट लावून थेंब पडतो का पाहावे. बाटली भरलेली दिसते आणि प्राणी तहानलेला असतो.

आणि गिनीपिग एकटा ठेवू नये. तो कळपातला प्राणी, दक्षिण अमेरिकेच्या अँडीज पर्वतातला, हजारो वर्षांपूर्वी माणसाळलेला. त्याचा ना गिनी देशाशी संबंध, ना डुकराशी. स्वित्झर्लंडमध्ये तर २००८ पासून तो एकटा पाळणे कायद्याने मना आहे.

भुरी बरी झाली आणि उन्हाळा आला. हा भाग आम्ही नीट सांगणार आहोत, कारण सध्या मे महिना आहे आणि तुमच्यापैकी चौघांच्या घरी पिंजरे आहेत.

गिनीपिगला सोसवते ते तापमान साधारण १८ ते २४ अंश. २८-३० च्या वर त्याला धोका सुरू होतो. नागपूरचा मे महिना ४५ अंशांचा. या प्राण्याला आपल्यासारखा घाम येत नाही, कुत्र्यासारखी जीभ बाहेर काढून अंग थंड करणेही त्याला नीट जमत नाही, आणि अंगावर केसांची गोधडी. आमचा पिंजरा छपरीत होता, वर टिनाचे पत्रे. एप्रिलभर सकाळ-संध्याकाळ पाहिले तर सर्व ठीक दिसे, कारण आम्ही सकाळी नऊला बँकेत जात होतो आणि सात वाजता परतत होतो. दुपारी दोन वाजता पत्र्याखाली काय होते हे आम्ही कधी पाहिलेच नाही. नातलगाचे लग्न होते, सगळे घर गेले. धाकटीने विचारले होते, "बाबा, भुरी-ठिपकीला आत घेऊ का?" आम्ही म्हटले, घरात घाण होईल, पाणी भरून ठेव, सावलीच आहे. ती पाणी भरून आली.

संध्याकाळी परतलो तेव्हा भुरी चारी पाय पसरून पोटावर पडली होती. तोंडाला लाळ, हनुवटी भिजलेली, कान लाल. धाकटीने तिला उचलले तेव्हा जीव होता. आम्ही घाईत काय केले, तर फ्रीजमधले बर्फाचे पाणी तिच्यावर ओतले. ती एकदा थरथरली आणि गेली. नंतर पशुवैद्यांनी सांगितले की बर्फाचा असा एकदम धक्का देणे हे आणखी वाईट. त्याने ती गेली की उन्हाने, हे त्यांनी सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही. ठिपकी वाचली, कारण ती शहाबादी फरशीच्या एका तुकड्यावर बसली होती. तो तुकडा पिंजरा हलू नये म्हणून आम्ही वजनाला टाकला होता. धाकटी आम्हाला काही बोलली नाही. चार दिवस ती आमच्याशी बोललीच नाही.

तेव्हा आता ऐका, आणि घरी जाऊन आजच करा. पिंजरा छपरीत, गच्चीवर, पत्र्याखाली, पश्चिमेच्या भिंतीला ठेवू नका. घरातली सर्वांत थंड खोली निवडा आणि पिंजरा जमिनीवर ठेवा, टेबलावर नाही. दुपारी दोन वाजता तेथे एकदा स्वतः बसून पाहा. आत शहाबादी फरशीचा तुकडा आणि अर्धा फुटलेला माठ आडवा ठेवा. प्राणी आपोआप त्यात शिरतो. पाण्याची गोठवलेली बाटली फडक्यात गुंडाळून एका बाजूला ठेवा, म्हणजे त्याला हवे तेव्हा जवळ जाता येईल, नको तेव्हा दूर. पिंजऱ्याच्या निम्म्या भागावर ओले तरट टाका. कूलर चांगला, परंतु त्याचा झोत थेट नको आणि अंथरूण ओले होता कामा नये. आणि वीज गेली की कूलर हा नुसता पत्र्याचा डबा आहे, म्हणून त्याच्या एकट्याच्या भरवशावर राहू नका. पावसाळा सुरू झाला की हवेत ओल असते, तेव्हा कूलर उपयोगाचा नाही, पंखा आणि उघडी खिडकी बरी. काचेची माशांची पेटी तर आपल्या गावात या प्राण्यांसाठी वापरूच नये. हवा कोंडते आणि काच तापते.

एवढे करूनही ऊन लागलेच, तर प्राण्याला थंड जागी न्या, कान आणि पाय साध्या पाण्याने भिजवा, अंगावर ओले फडके ठेवा, वारा घाला. शुद्धीवर असेल तरच थेंबथेंब पाणी ओठाला लावा. घशात ओतू नका. आणि लगेच पशुवैद्य.

पशुवैद्यांचा विषय निघाला म्हणून एक धोक्याची सूचना. घरात उरलेल्या माणसाच्या गोळ्या या प्राण्यांना देऊ नका. पेनिसिलीन आणि त्याच्या कुळातली अमॉक्सिसिलीनसारखी औषधे, जी आपल्याला सर्दी-खोकल्यात सर्रास मिळतात, ती गिनीपिग व हॅमस्टर यांच्या आतड्यातले उपयोगी जंतू मारून टाकतात आणि प्राणी काही दिवसांत दगावतो. चोवीस तास ज्याने खाल्ले नाही तो गिनीपिग आजारी आहे असे समजून चालावे. उद्या बघू म्हणू नये.

आता विक्रेत्याच्या पहिल्या चुकीकडे येऊ. ठिपकी मादीच होती. भुरीला आम्ही भुरी म्हणत होतो खरे, तो नर होता. भुरी गेल्यावर काही आठवड्यांनी ठिपकीला तीन पिल्ले झाली. गिनीपिगचा गर्भकाळ दोन महिन्यांहून अधिक असतो, ५९ ते ७२ दिवस, त्यामुळे पिल्ले जन्मतःच केसाळ, डोळे उघडलेली, दात आलेली. तासाभरात चालू लागतात. धाकटी पुन्हा आमच्याशी बोलू लागली ती त्या दिवशी. परंतु आनंदाच्या भरात हे विसरू नये की मादी पहिल्यांदा सहा-सात महिन्यांच्या आत व्याली नाही, तर तिच्या ओटीपोटाचे हाड जुळून जाते आणि पुढे प्रसूतीत ती मरू शकते. ठिपकी लहान होती म्हणून निभावले. नर पिल्ले तीन आठवड्यांची होताच वेगळी करावी लागतात, नाहीतर ती आईलाच गाभण करतात.

उंदरांचा हिशेब तर आमच्या व्यवसायातला आहे, चक्रवाढ व्याजाचा. पांढऱ्या उंदराची मादी १९ ते २१ दिवसांत विते, विताच पुन्हा गाभण राहू शकते आणि पिल्ले दीड महिन्यात वयात येतात. एका जोडीपासून दर महिन्याला आठ पिल्ले धरा. चार महिन्यांत ३२. पहिल्या वेताच्या चार माद्या तोपर्यंत स्वतः विऊन आणखी ३२ देतात. मूळ जोडी धरून ६६. कागदावरचा हिशेब आहे, काही मरतील, काही कमी होतील, तरीही मुद्दल दोनच होते हे विसरू नका. म्हणून घेताना फक्त माद्या घ्या, आणि नर-मादी पशुवैद्यांकडून पाहून घ्या, विकणाऱ्याच्या शब्दावर नको. पांढरे उंदीर माद्या-माद्या मिळून आनंदाने राहतात. पिंजऱ्याच्या गजांतून पेन्सिल जात असेल तर लहान उंदीरही जातो असे समजावे. आयुष्य त्यांचे दीड-दोन वर्षांचे, हे मुलांना आधी सांगून ठेवावे.

हॅमस्टरचे याच्या अगदी उलट. १९३० साली जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातले प्राध्यापक अहरोनी यांनी सीरियातल्या अलेप्पोजवळ जमीन खणून एक मादी व तिची पिल्ले पकडली. जगभर पाळले जाणारे सोनेरी हॅमस्टर जवळजवळ सगळे त्याच एका कुटुंबाचे वंशज. हा प्राणी एकटा राहणारा. दोन-अडीच महिन्यांनंतर दोघांना एकत्र ठेवले तर ते एकमेकांना फाडतात. आमच्या गल्लीत दोन पिंजऱ्यांत हेच झाले, आणि मुलांना वाटले की एक "वाईट" आहे. तो वाईट नव्हता, त्याला एकटे राहायचे होते. हॅमस्टरला अडीच फूट बाय दीड फूट जागा, आत अर्धा फूट खोल कागदाच्या कपट्यांचे अंथरूण, कारण त्याला बिळे करायची असतात, आणि फिरायला चाक. चाक भरीव पट्टीचे आणि आठ इंचांचे. गजांच्या चाकात पाय अडकून मोडतात. तो दिवसा झोपतो, तेव्हा शाळेतून आल्या आल्या त्याला उठवू नका. चावला तर दोष त्याचा नाही. मादी व्याली असेल तर आठ-दहा दिवस पिंजऱ्यात हात घालू नका, घाबरलेली आई पिल्ले खाऊन टाकते. आणि डिसेंबर-जानेवारीच्या कडक थंडीत तो गार व निश्चल पडलेला दिसला, तर पुरण्याची घाई करू नका. थंडीने तो कधी कधी गाढ सुन्न होतो. हळूहळू ऊब द्या, श्वास पाहा.

आजी लोकांची एक तक्रार आम्ही नाकारत नाही. उंदीर म्हटला की त्यांना रोग आठवतो. १९९४ साली बीड जिल्ह्यात आणि सुरतेत प्लेगची बातमी आली तेव्हा आम्ही शाळेत होतो, नाकाला रुमाल बांधून जात होतो. ती भीती खोटी नव्हती. परंतु प्लेगचा तो उंदीर गटारातला, त्याच्या अंगावरच्या पिसवांचा. पिंजऱ्यात जन्मलेला, स्वच्छ ठेवलेला प्राणी वेगळा. तरीही काळजी हवी. त्याला हाताळल्यावर साबणाने हात धुवा, त्याचे तोंडाजवळ मुके घेऊ नका, गरोदर भगिनींनी पिंजऱ्याची सफाई दुसऱ्याकडे द्यावी, चावल्यास जखम साबण-पाण्याने धुऊन डॉक्टरांना दाखवावी. आणि पिंजऱ्याचे धान्य टिनाच्या डब्यात ठेवा. ते उघडे राहिले तर घरातले उंदीर येतात, आणि लेप्टोचे जंतू असतात ते त्यांच्या मुतात. म्हणजे पाहुण्याची निगा नीट राखली नाही तर खरा धोका बाहेरून आत येतो.

कायद्याचे थोडक्यात. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार प्राण्याला हालचाल करता येणार नाही इतक्या लहान पिंजऱ्यात ठेवणे, त्याला पुरेसे अन्न-पाणी-निवारा न देणे, आणि त्याला उपाशी मरण्यासाठी सोडून देणे हे गुन्हे आहेत. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. हसू नका, कायद्यात तसे लिहिले आहे. पन्नास रुपयांत हल्ली सांबाराच्या किती जुड्या येतात ते तुम्हीच पाहा. २०१८ च्या नियमांनुसार असे प्राणी विकणाऱ्या दुकानाने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायला हवी. घेण्याआधी तो कागद पाहायला मागा. बँकेत आम्ही तुमच्याकडे किती कागद मागतो! आणि झाडावरून पडलेले खारीचे पिल्लू पाळण्याचा मोह टाळा. ते रानाचे आहे. शेकरू तर आपल्या राज्याचा प्राणी, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे.

शेवटी आमच्या घरची वही दाखवतो. धाकटी दर रविवारी ठिपकीला आणि तिच्या दोन मुलींना स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवते आणि वजन लिहिते. मुलगा वेगळ्या पिंजऱ्यात आहे, शेजारच्या घरून त्याला सोबत मिळाली. हे आजार लपवणारे प्राणी आहेत, बाहेरून कळते तोवर उशीर झालेला असतो, परंतु काटा खोटे बोलत नाही. हजार ग्रॅमच्या गिनीपिगचे एका आठवड्यात पन्नास ग्रॅम घटले तर लक्ष ठेवायचे, शंभर घटले तर दवाखाना. रकाने आम्हीच आखून दिले, बँकेच्या पासबुकासारखे. तारीख, वजन, खाल्ले काय, शेरा. पहिल्या पानावर भुरीची एकच नोंद आहे, ती धाकटीने नंतर लिहिली आणि शेऱ्यात फक्त तापमान लिहिले आहे.

अशा कोऱ्या वह्या दहा आणल्या आहेत. ज्या चार घरांत पिंजरे आहेत त्यांनी आधी घ्याव्यात. आणि कार्यक्रम संपल्यावर चहाला न थांबता त्या चौघांनी आमच्यासोबत निघावे, दोन वाजायला आले आहेत. कोणाचा पिंजरा कोठे ठेवला आहे ते आपण एकदा पाहून येऊ.